आमच्या पूर्वेस आपण

श्रीमान पूर्वेकडील लगतधारक, आदरणीय अण्णासाहेब यांच्या सेवेशी,



हे पत्र उघडेच पाठवत आहे, राग नसावा. बंद पाकीट आपण घेत नाही असा अनुभव आहे. मोजणीची पहिली नोटीस रजिस्टर पोस्टाने निघाली आणि 'मालक बाहेरगावी' असा शेरा घेऊन परत आली. त्या दिवशी आपण पोस्टासमोरच्या टपरीवरच होता आणि पोस्टमनच्या चहाचे पैसेही आपणच दिलेत. आपल्याच नोटिशीवरचा शेरा आपणच सांगायचा आणि वर चहा पाजायचा, एवढे मोठे मन तालुक्यात दुसरे नाही. तेव्हा म्हटले, चार लोकांच्या हाती पडेल असेच लिहावे. कोणीतरी आपल्याला वाचून दाखवीलच.

पहिले आभार शेजाराबद्दल. आमच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिली आहे: पश्चिमेस ओढा, उत्तरेस गाडीवाट, दक्षिणेस सरकारी पड, पूर्वेस आपले वडील. ओढा दर पावसाळ्यात थोडे इकडेतिकडे करतो. गाडीवाट ट्रॅक्टर आल्यापासून रुंदावली. पडीवर निम्म्या गावाची गुरे बांधलेली असतात. पण या तिघांनी मिळून आमचे जेवढे नेले नसेल, तेवढे पूर्वेने एकटीने नेले. आणि तेही कसलाही आवाज न करता. ओढा निदान पूर आला की गर्जतो तरी.

आपली नांगरट पाहत उभे राहावे अशी असते. बाकीची मंडळी बांधापासून हातभर सोडून पहिले तास धरतात. आपला ड्रायव्हर ट्रॅक्टरचे एक चाक बांधाच्या पायथ्यावर चढवतो, पलटी नांगराचा कडेचा फाळ अलगद बांधाच्या अंगात शिरतो आणि वीतभर रुंदीची ढेकळे आपल्या रानात उलटी होऊन पडतात. त्या ढेकळांना हरळीची पांढरी मुळे लोंबत असतात. आपल्या रानात हरळी नाही. तणनाशक मारून आपण ती कधीच संपवली आहे. हरळी राहिली आहे ती फक्त बांधावर. म्हणजे कोणते ढेकूळ कुठून आले हे शाळकरी पोरसुद्धा सांगेल. पण दुपारून रोटाव्हेटर फिरतो आणि दिवस मावळायच्या आत सगळा पुरावा मातीमोल झालेला असतो.

वीतभर. फक्त वीतभर. दोन वितींचा मोह आपल्याला कधी झाला नाही, याबद्दल मनापासून आदर वाटतो. अधाशी माणूस एका उन्हाळ्यात जेसीबी आणून अख्खा बांध सपाट करतो, मग भांडण होते, डोकी फुटतात, पोलीस पाटील येतो. आपल्याला असले काही आवडत नाही. आपला बांध, क्षमा करा, आपल्या दोघांचा बांध, दहा साखळ्या लांब आहे, म्हणजे ३३० फूट. वर्षाला एक वीत धरली तर साधारण अडीचशे चौरस फूट होतात. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. पोरगे पहिलीत घातले की ते पाचवी पास होईपर्यंत आपला एक गुंठा पुरा होतो. आपली दोन्ही मुले शिकून नोकरीला लागली. हिशोब आपणच करा, आपले गणित आमच्याहून चांगले आहे.

सातबाऱ्याला मात्र आपण हात लावला नाहीत, हे उपकार कसे विसरू? आमच्या उताऱ्यावर क्षेत्र जेवढे होते तेवढेच आहे, एका आराचा फरक नाही. त्या सगळ्या क्षेत्राचा शेतसारा आम्ही भरतो. पिकवण्याचे कष्ट तेवढे आपण अंगावर घेतलेत.

या कामात आम्हालाही आपण वाटेकरी करून घेतलेत, तेही नमूद केले पाहिजे. आपण पूर्वेकडून बांध तासला की तो हडकतो. मृगाचा पहिला पाऊस पडला की तो फुटायला बघतो, आणि आमचे रान वरच्या अंगाला, म्हणजे फुटला तर माती आमचीच वाहून जाणार. म्हणून आम्ही आमच्या बाजूने माती ओढून त्याला पुन्हा जाडी देतो. पुढच्या उन्हाळ्यात आपण ती नवी जाडी पलीकडून जोखता. अशा रीतीने बांध पश्चिमेकडे चालता ठेवायची निम्मी मजुरी आम्ही देत आलो आहोत, तीही बिनबोभाट. सहकाराची चळवळ आपल्या जिल्ह्यात का रुजली ते यावरून कळावे.

बांधावरच्या निंबाने तर कमालच केली. आमच्या वडिलांनी लावलेले ते निंब पूर्वी बांधाच्या आमच्या अंगाला होते. दुपारची भाकरी आम्ही त्याच्याखाली खायचो. मग ते बांधाच्या माथ्यावर आले. आता ते आपल्या रानात, बांधापासून चार पावले आत उभे आहे आणि त्याच्या सावलीत आपली मोटारसायकल लागलेली असते. खोड तेच, ढोलीही तीच. परवा आपण त्याच्या फांद्या तोडून नेल्यात, कारण 'आमच्या हद्दीतलं झाड आहे'. चालते झाड पाळणारा शेतकरी म्हणून आपले नाव कृषी प्रदर्शनात लागायला हवे होते.

झाडाचे काय घेऊन बसलो, देवही आपल्या शब्दाबाहेर नाही. दक्षिणेच्या टोकाला बांधावर म्हसोबा होता. आपण त्याच्यापासून पश्चिमेला दुसरा दगड आणून बसवलात, शेंदूर फासलात, नारळ फोडलात, आमच्या घरी प्रसादही पाठवलात. जुना म्हसोबा नांगराच्या वाटेत येत होता, तो 'भग्न झाला' म्हणून ओढ्यात विसर्जित केलात. आता मोजणीवाल्याने त्या नव्या दगडाला हात लावायचे नाव काढले की चेनमनच मागे सरतो. बायकापोरांचा धनी आहे बिचारा, म्हसोबाशी कोण वैर घेणार?

उत्तरेच्या टोकाला गाडीवाटेशी सरकारी दगड होता, एका अंगाने टाकी मारलेला. तोही बरीच वर्षे ऊनपाऊस खात एकटा उभा होता. त्याला आपण घर दिलेत. आपल्या आडाशेजारी जो धुण्याचा दगड आहे, त्याच्या खालच्या अंगाला टाकीच्या खुणा आहेत असे धुणे धुणाऱ्या बायका सांगतात. बायकांचे काय, त्या काहीही बोलतात. तरी एक माहिती आपल्या कानावर घालून ठेवतो. जुन्या भारतीय दंडसंहितेत कलम ४३४ होते: सरकारी अधिकाऱ्याने रोवलेली हद्दीची खूण हलवली तर एक वर्षापर्यंत कैद. आणि आपल्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत, १९६६ च्या, हद्दीची निशाणी मुद्दाम काढणाऱ्याला दंड आहे, दर निशाणीमागे शंभर रुपयांपर्यंत. भिऊ नका. शंभर रुपयांत आज दोन माणसांची मिसळही धड होत नाही. शिवाय त्या दंडातली निम्मी रक्कम खबर देणाऱ्याला देता येते, म्हणजे खबऱ्याच्या वाट्याला पन्नास. एवढ्यासाठी कोण कोणाशी वाकडे घेईल?

कधी कधी वाटते, आपण फार उशिरा जन्माला आलात. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने दख्खन मोजायला घेतली. प्रिंगल साहेबाची पहिली मोजणी पार फसली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून नव्याने डाव मांडला, आणि तीच पद्धत पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात गेली. शेतात उन्हातान्हात साखळी ओढायची, शंकू लावायचा, टिपण काढायचे, कोपऱ्याला दगड किंवा मातीचा बुरूज घालायचा. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. आमच्या शेताचे टिपण अजून शाबूत आहे. कागद पिवळा पडलाय, कडा खिरल्यात, पण बांधाच्या लांबीपुढचे साखळी-आण्यांचे आकडे वाचता येतात.

इथे आपली खरी प्रतिभा दिसते. साखळीचा एक आणा म्हणजे दोन फुटांहून किंचित जास्त. आपण वर्षाला नेता वीतभर, म्हणजे अर्धा आणासुद्धा नाही. साहेबाच्या साखळीला जे दिसतच नाही, तेवढेच आपण उचलता. आण्याच्या खाली राहायचे, हे शहाणपण आपल्याला कोणी शिकवले? लोक उगीच म्हणतात की अण्णा अडाणी आहेत, सहीपुरते शिकलेत. अहो, सरकारी मोजमापाची फट नेमकी कुठे आहे हे ज्याला कळते त्याला अडाणी कसे म्हणायचे?

असो. आम्ही हद्दकायम मोजणीचा अर्ज केला, हे आपल्याला आवडले नाही. 'अरे, घरातलं भांडण कचेरीत कशाला नेलंस,' असे आपण पारावर सगळ्यांसमोर म्हणालात, आणि डोळ्यांना उपरण्याचे टोकही लावलेत. ऐकून आम्हालाच गहिवरून आले. पण फी भरून झाली होती. पूर्वी साधी, तातडी, अतितातडी असे मोजणीचे प्रकार असत आणि त्यावरही एक अति-अतितातडी असे. आता सरकारने ते आवरून नियमित आणि द्रुतगती एवढे दोनच ठेवलेत. आम्ही नियमित भरली. जी जमीन गेली ती कुठे गेली एवढे विचारायचे, त्याला द्रुतगतीचे पैसे कोण घालणार? शिवाय घाई करावी असे आपल्या वागण्यात तरी काही नव्हते.

मोजणीची तारीख आली तेव्हा आपल्या रानात ऊस उभा होता. बांधाला चिकटून, दाट, डोक्याच्या वर. गेली कित्येक वर्षे त्या पट्ट्यात आपण हरभरा करत होता. नोटीस निघाल्यावर ऊस लावायची बुद्धी आपल्याला कशी झाली, हे कारखान्यालाच ठाऊक. मोजणीदार बांधाच्या टोकाशी उभे राहिले, पाचटात डोकावले, 'पीक उभे असल्याने मोजणी करता आली नाही' असे लिहिले आणि पाणी पिऊन गेले. पाणी आपल्याच घरचे होते. गूळही दिलात म्हणे.

ऊस तुटून गेल्यावर मंडळी पुन्हा आली. या खेपेला आपण हजर होता, सोबत भाऊबंद, भाचे, आणि ज्यांचा या गटाशी काडीचा संबंध नाही अशी आठदहा माणसे. लगतधारकाला नोटीस एकच जाते. आपण तिचा गावजेवणासारखा मान ठेवलात.

मोजणीदार या वेळी बाई होत्या, तरुण, नव्या नेमणुकीच्या. हातात रोव्हर. आता साखळी गेली, टेबल गेले. काठीवर एक पांढरी टोपी असते, ती उपग्रहांशी बोलते, आणि तिची चूक दुरुस्त करायला राज्यभर ७७ कॉर्स स्टेशने उभारलेली आहेत. काठी टेकवली की सेंटिमीटरमध्ये जागा सांगते. आपण त्या काठीकडे बराच वेळ पाहिलेत. मग म्हणालात, 'बाई, ढगाळ आहे, आज नको.' आभाळ निरभ्र होते, पण एका बाईमाणसाची आपल्याला वाटलेली काळजी आम्हा सगळ्यांना स्पर्शून गेली.

मग आपण म्हणालात, 'इथून नको, शिवेपासून धरा.' बाईंनी शिवेचा दगड धरला. 'शीवच चुकली आहे, पलीकडच्या गावाने खाल्ली आहे.' बाईंनी पलीकडून ताळा घेतला. 'टिपण खोटं आहे, गटवारीत बदललंय.' त्यांनी गटबुक काढून दाखवले. 'आजोबांपासूनची वहिवाट आहे.' बाई म्हणाल्या, वहिवाट वेगळी दाखवू, हद्द वेगळी दाखवू, तुम्ही काय ते जबाबात लिहा. त्यावर आपण एकदम गप्प झालात. जबाब लिहायचा म्हटले की आपला हात दुखतो, हे आम्हाला नवीन होते. पंचनाम्यावर सही मागितली तेव्हा तर बोटेच वळेनात. बाईंनी 'लगतधारक हजर, सही करण्यास नकार' असे लिहिले. आपला हात दुखत होता हे मात्र त्यांनी लिहिले नाही, त्याबद्दल त्यांच्या वतीने मी क्षमा मागतो.

त्या मुलीची मात्र कीव आली. एका हातात साखळी-आण्यांचे पिवळे टिपण, दुसऱ्या हातात सेंटिमीटर सांगणारी काठी, मध्ये पावणेदोनशे-दोनशे वर्षे. दगड जागेवर असते तर दोन्ही जुळवणे सोपे होते. एक दगड आडाशेजारी धुणे खातोय, दुसऱ्या टोकाला म्हसोबा. ओढ्याचे वळण, गाडीवाटेचा कोन, शेजारच्या दोन गटांचे बांध, यांचा मेळ घालत तिने उन्हात सगळा दिवस काढला. सगळ्यांत मोलाची मदत निंबाने केली. टिपणात झाड नव्हते, पण जुन्या फाळणी नकाशात होते. आपल्या रानात उभ्या असलेल्या त्या झाडाने साक्ष दिली, आणि आपण परवाच फांद्या तोडल्यामुळे ते दुरूनसुद्धा स्वच्छ दिसत होते.

मग चुन्याची फक्की पडली आणि खुंट ठोकले गेले. रेघ आपल्या उसाच्या खोडव्यातून गेली. आपण तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलेत ती नजर मी विसरणार नाही. घरचा लाडका पोरगा परदेशी निघाला की बाप तसे पाहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुंट जागेवर नव्हते. थंडीचे दिवस होते, आपल्या गड्याने शेकोटी केली होती, असेल त्यात गेले. फक्कीवर आपण रात्रीच पाणी सोडले होते. खोडव्याला पाण्याची निकड असतेच. पिकाची अशी काळजी करणारा शेतकरी उपाशी कसा राहील!

यथावकाश नकाशाची 'क' प्रत हाती आली. तिच्यात मोजणीची हद्द आणि आपली वहिवाट यांच्यामध्ये एक पट्टी दिसते, चिंचेच्या आकड्यासारखी, मध्ये फुगलेली आणि दोन्ही टोकांना निमुळती. टोकांशी आपण जपून वागलात, तिथे दगड होते. मधे मोकळेपणाने. या पट्टीबद्दल नकाशावर जो शब्द लिहिला आहे तो इथे लिहीत नाही, आपल्याला वाईट वाटेल. 'अति' या अक्षरांनी सुरू होतो.

नकाशा हातात आला म्हणजे जमीन हातात आली, असे आम्हाला वाटले होते. बाई म्हणाल्या, आम्ही हद्द दाखवतो, ताबा देणे आमच्याकडे नाही, त्यासाठी दिवाणी दावा लावा. वकील म्हणाले, दाव्यात पुन्हा कोर्ट कमिशनर मोजणी करतील. म्हणजे साखळी, काठी, चुना, सगळे पुन्हा. फीचा आकडा ऐकला आणि त्या पट्टीचा बाजारभाव मनात धरला, तेव्हा आपली दूरदृष्टी खऱ्या अर्थाने कळली. आपण नेता तेवढे सोडवून आणायला लागणारा खर्च नेहमी नेलेल्यापेक्षा जास्त असतो. वीत ठरवताना आपण हेही पाहिले असणार. नुसता नांगर धरता येऊन हे साधत नाही.

आपल्या वकिलांनी प्रतिकूल ताब्याचा मुद्दा काढला आहे असे कळले. बारा वर्षे, १९६३ चा मुदतीचा कायदा, अनुच्छेद ६५. फार चांगला मुद्दा आहे. फक्त एक बारीकशी चिंता आहे, ती शेजारधर्म म्हणून कळवतो. असा ताबा उघड लागतो, अखंड लागतो, आणि मालकाला कळेल अशा रीतीने त्याच्या विरोधात लागतो. आपण तर इतक्या अदबीने घेतलात की आम्हाला पत्तासुद्धा लागू दिला नाहीत. शिवाय ही वीत परवाची, ती गेल्या वर्षीची, ती त्याच्या आदल्या वर्षीची; बारा वर्षे कोणत्या विती भरल्या आणि कोणत्या नाही, हे कोर्टाला कसे सांगणार? ही विनयशीलता आपल्याला कोर्टात नडू नये, एवढीच इच्छा.

मध्यंतरी आपण निरोप पाठवलात की सरकारच्या सलोखा योजनेत मिटवून टाकू, हजार रुपये मुद्रांक, हजार रुपये नोंदणी, विषय संपला. योजना खरोखर चांगली आहे. पण ती आहे अदलाबदलीची: याची जमीन त्याच्या ताब्यात आणि त्याची याच्या ताब्यात, किमान बारा वर्षे. आपल्याकडे आमची आहे. आमच्याकडे आपली नाही. आपल्या हेतूत खोट नाही, उणीव आमच्या बाजूची. आपण परवानगी देत असाल तर आम्हीही नांगर जरा पूर्वेला धरू, बारा वर्षे थांबू आणि मग मिळून निबंधक कार्यालयात जाऊ.

हे सगळे लिहिताना एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. आपला राग करणे फार अवघड आहे. आमच्या आईला रात्री अपरात्री दवाखान्यात न्यायचे होते तेव्हा गाडी आपण काढलीत. घरच्या लग्नात पंगतीला वाढायला कंबर कसून आपण. वडील गेले तेव्हा खांदा द्यायला आपण पहिले, आणि दहाव्याला ओढ्याच्या काठी बसून 'तुमचे वडील माझे भाऊच' म्हणून रडलातही. ते रडणे खोटे नव्हते. त्याच उन्हाळ्यात आपण वीत घेतलीत, तीही खोटी नव्हती. शहरातल्या वकिलाला हे समजावून सांगता येत नाही. तो विचारतो, भांडण आहे की नाही? आम्ही म्हणतो, आहे. मग विचारतो, बोलणे आहे की नाही? आम्ही म्हणतो, आहे. तो पेन खाली ठेवतो.

आणि गाव तरी काय बोलणार? २००७ साली सरकारने तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तेव्हापासून आपल्या गावच्या समितीत आपण आहात आणि आता तर अध्यक्षच आहात. आमचा अर्ज समितीपुढे गेला. आपण स्वतः खुर्चीत बसून तो शांतपणे ऐकून घेतलात. 'दोन्ही पक्षांनी समजुतीने घ्यावे' असा ठराव झाला, आणि दोन्ही पक्षांतल्या एका पक्षाने अध्यक्ष म्हणून त्याखाली सही केली. त्या दिवशी हात दुखत नव्हता, याचे समाधान वाटले.

आता मोजणी आपल्याला मान्य नाही म्हणून आपण निमतान्याचा, म्हणजे फेरमोजणीचा, अर्ज केलात. उत्तम केलेत. खुद्द उपअधीक्षक साहेब येतील, पुन्हा काठी टेकवतील. तेही पटले नाही तर वर सुपर निमताना आहे, जिल्ह्याचे अधीक्षक येतील. आमच्या आडबाजूच्या रानाला एवढ्या मोठ्या लोकांचे पाय कधी लागले असते? तारीख कळली की आम्ही बांधावर मांडव घालू. आपल्याकडून फक्त चार गोष्टींची अपेक्षा: नोटीस स्वीकारावी, त्या दिवशी तिथे ऊस नसावा, धुण्याचा दगड चार तासांपुरता मोकळा करून द्यावा, आणि म्हसोबाला आधीच सांगून ठेवावे.

कळावे, लोभ आहेच, तो असाच वाढत राहावा आणि शक्य तो त्याच बाजूला वाढावा.

आपला नम्र,
पश्चिमेकडील लगतधारक

ता. क. आपल्या धाकट्या बंधूंची गाठ कचेरीत पडली. वाटणीनंतर त्यांचा हिस्सा आपल्या पूर्वेला आला आहे, आणि त्यांचाही बांध हल्ली सरकल्यासारखा वाटतो म्हणून ते पोटहिस्सा मोजणीचा फॉर्म भरत होते. त्यांनी द्रुतगती घेतली आहे. आपला निमताना आणि त्यांची मोजणी एकाच आठवड्यात लागतील असे खिडकीवरचे कारकून म्हणाले. बंधूंनी मला आणखी एक विचारले: ते खबरीचे पन्नास रुपये एका दगडाचे, की दर दगडाचे? मी त्यांना दर निशाणीमागे असे सांगितले आहे. त्यांच्याकडे, म्हणे, तीन दगडांची यादी आहे.